पगार दोनदा, पगार शून्य

पगाराच्या सॉफ्टवेअरवर ज्यांनी काम केलंय त्यांना ही ओळ पाठ असते: पगाराची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी जमा करा. चार ओळींचा कोड. लिहून होईपर्यंत चहासुद्धा गार होत नाही. आणि रविवारचा पगार शुक्रवारीच हातात आला म्हणून कोण तक्रार करणार?

ब्रिटनमध्ये लोकांनी केली. पार कोर्टात गेले. गेले दोन विकांत मी हेच वाचत बसलोय, म्हटलं लिहून टाकावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. तिथली गरिबी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो बेकार माणूस, सरकारी भत्त्यावर जगणारा. आकडे वेगळंच सांगतात. ब्रिटनमध्ये गरिबीत वाढणाऱ्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलं अशा घरांतली आहेत, जिथे किमान एक मोठं माणूस रोज कामावर जातं. शाळेत मुलांना जेवण वाढणारी, म्हाताऱ्यांची देखभाल करणारी, ऑफिसं झाडणारी, गोदामात माल उचलणारी माणसं ही.

डर्बीशरमधल्या शायरब्रुकची कोळशाची खाण १९९३ साली बंद झाली. पुढे त्याच जागेवर खेळाच्या सामानाचं अवाढव्य गोदाम आलं. कागदोपत्री रोजगार परत आला की! पण २०१६ साली मालकाला खासदारांच्या समितीपुढे मान्य करावं लागलं, की शिफ्ट संपल्यावर झडतीच्या रांगेत जाणारा वेळ धरला तर कामगारांना किमान वेतनही मिळत नव्हतं. काम असणं आणि त्या कामावर घर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या खाणवाल्या आणि गिरणीवाल्या गावांना चांगलंच ठाऊक आहे.

किमान वेतनाचा कायदा तिथे १ एप्रिल १९९९ पासून आहे. तेव्हा ताशी ३.६० पाउंड, एप्रिल २०२५ मध्ये १२.२१ झाला. पण दर वाढला तरी तास पुरेसे मिळायला हवेत ना! घरभाडं, मुलं सांभाळण्याचा खर्च यातून जी तूट उरते ती भरायला सरकारची मदत असते. तिचं नाव युनिव्हर्सल क्रेडिट. एप्रिल २०१३ मध्ये मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन या जुन्या गिरणीगावात त्याची सुरुवात झाली. आज ते घेणाऱ्यांत साधारण तिघांतला एक जण नोकरी करणारा आहे.

आता गंमत बघा (गंमत कसली!). प्रत्येकाचा हिशेबाचा महिना ठरलेला असतो, अर्ज केला त्या तारखेपासून. मालक पगार देतो तेव्हा त्याची नोंद कर खात्याकडे जाते. त्या महिन्यात जेवढ्या पगाराची नोंद, त्यानुसार मदत कमी. सगळं आपोआप, माणसाचा हात लागत नाही.

समजा एका बाईचा हिशेबाचा महिना २८ ते २७, आणि पगार दर २८ तारखेला. २८ मार्च २०१९ ला पगार झाला. २८ एप्रिलला रविवार, म्हणून मालकाने तो शुक्रवारी, २६ ला दिला. झालं! २८ मार्च ते २७ एप्रिल या महिन्यात दोन पगार, पुढच्यात शून्य. संगणकाच्या मते बाई एका महिन्यात श्रीमंत, दुसऱ्या महिन्यात बेकार.

तुम्ही म्हणाल, एकदा कमी, एकदा जास्त, हिशेब शेवटी सारखाच. तसं नाही. मुलं असलेल्यांच्या कमाईचा सुरुवातीचा काही भाग कपातीतून वगळतात. घरभाड्याची मदत घेणाऱ्यांसाठी ही सूट २०१९-२० मध्ये महिन्याला २८७ पाउंड होती, आणि त्यावरच्या कमाईवर कपात ६३ टक्के. शून्य पगाराच्या महिन्यातली सूट वायाच जाते. म्हणजे एका घोळात सुमारे १८१ पाउंड गेले. तेव्हाच्या ८.२१ या किमान दराने बावीस तासांची मजुरी! शिवाय ज्या महिन्यात मदत आटते त्याच महिन्यात घरमालक दारात उभा राहतो, ते वेगळंच.

चार नोकरदार एकल माता या प्रश्नावर सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. सरकारचं म्हणणं साधारण आपल्या मीटिंगमध्ये ऐकू येतं तसंच होतं: यंत्रणा स्वयंचलित आहे, अपवाद घालायचे तर वेळ लागेल, खर्च येईल. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की या अडचणीवर उपाय करायला नकार देणं तर्कहीन आहे आणि म्हणून बेकायदेशीर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम बदलला. आता मासिक पगारवाल्यांचा एक पगार योग्य महिन्यात हलवता येतो.

मला अस्वस्थ करते ती गोष्ट अशी, की हा बग कुणाच्या नजरेतून सुटलेला नव्हता. तो माहीत झाला होता, तक्रारी आल्या होत्या, आणि तरीही तो तसाच राहिला. आपण अशा गोष्टींना 'एज केस' म्हणतो आणि यादीच्या तळाशी टाकतो. पण रविवार दर आठवड्याला येतो. महिनाअखेरही दर महिन्याला येते. ही एज केस होते ती फक्त ज्याच्या बँकेत दोन महिन्यांची शिल्लक आहे त्याच्यासाठी. तुमचा-माझा पगार दोन दिवस इकडेतिकडे झाला तर आपल्याला कळतही नाही. तिथे त्या दोन दिवसांनी माणूस फूड बँकेच्या दारात जाऊ शकतो. ट्रसेल या एकाच संस्थेच्या फूड बँकांनी २०२३-२४ मध्ये ३१ लाखांवर शिध्याची पाकिटं वाटली. त्यांच्याकडे येणारे सगळेच काही बेकार नसतात.

आणि एक अजून शिल्लक आहे. बऱ्याच कमी पगाराच्या नोकऱ्यांत पैसे दर चार आठवड्यांनी मिळतात. वर्षात पगार तेरा, हिशेबाचे महिने बारा. भागाकार तुम्हीच करा. २०२० चा बदल मासिक पगारवाल्यांपुरताच होता, आणि २०२१ मध्ये चार आठवड्यांच्या पगाराच्या एका प्रकरणात त्याच अपील न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

तेव्हा तिकीट अजून उघडंच आहे म्हणायचं.