पहाटेची सुरत आणि चिनी भाषेचा तास

सुरत म्हणजे खानदेशी माणसाचे दुसरे घर. नंदुरबारहून आलेले आमचे कुटुंब उधन्यात स्थिरावले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती. या भाषा कानावर पडूनच आल्या. चिनी मात्र शिकावी लागली.

मी चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते. तास इंग्रजीत, पण रुग्ण बोलणार चिनीतच. मार्च २०२० मध्ये चीनने परदेशी नागरिकांचा प्रवेश थांबवला. आमचे विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू झाले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. तोवर वर्ग मोबाईलवर. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून तिकडचा आठचा तास इथे पहाटे साडेपाचला. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, आणि मला ओळखायचे सूर! चिनीत ‘माय’ खाली नेऊन वर उचलला तर विकत घेणे, एकदम खाली सोडला तर विकणे. कापडबाजारात काम करणारे बाबा हसायचे, "एका शब्दात सगळा धंदा!"

मी आजीला रोज चिनीत विचारायचे, "कुठे दुखते?" ती सांगायची, "आठे दुखस!"

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींनो, तिथली भाषा घरूनच ऐकायला लागा. रुग्ण दुखणे त्याच्याच भाषेत सांगतो.