साधा एसएमएस की सजलेला आरसीएस?

आज एका दवाखान्यासाठी मेसेजचा मजकूर ठरवत होते. आरसीएसमध्ये, म्हणजे एसएमएसच्या नव्या, सजवता येणाऱ्या प्रकारात, लोगो, फोटो, ‘वेळ बदला’ असं बटण, शिवाय पडताळलेलं नाव. पण त्याला इंटरनेट लागतं. खराडीच्या ईऑन आयटी पार्कमधल्या तरुणाला ते सोयीचं; वाघोलीपलीकडे साधा फोन वापरणाऱ्या आजींपर्यंत एसएमएसच पोचतो. त्यात इंग्रजीची 160 अक्षरं मावतात, देवनागरीची 70च, तीही काना-मात्रा धरून. मजकूर त्यापुढे गेला की दोन मेसेजचे पैसे पडतात. तरी मी मराठीचाच आग्रह धरला: ‘उद्या सकाळी 10 वाजता डोळ्यांची तपासणी. जुना चष्मा आणा.’ आरामात बसलं. जाहिरात खुशाल सजवावी. तपासणीची वेळ मात्र साध्या एसएमएसनेच कळवावी. ती हुकली तर उपचार लांबतो.