शिसं आणि सोयाबीनचं रान

रिसोडहून समुद्र अख्ख्या रात्रीच्या अंतरावर. पण गळ लांब फेकायला शिकायचं तर मोकळं रान पुरतं. सोयाबीन निघालं की संध्याकाळी मी रॉड घेऊन तिकडेच. गरी लावत नाही, नुसतं 4 औंसांचं, म्हणजे सुमारे 113 ग्रॅमचं शिसं. उजव्या हातानं रॉड पुढे रेटायचा, त्याच वेळी डाव्यानं बुडखा छातीकडे ओढायचा. गोफणीसारखंच, सगळं सुटण्याच्या क्षणावर! पुढच्या टोकाला जाड दोरी हवीच: दर औंसाला 10 पौंड, म्हणजे इथं 40 पौंड ताकदीची. बारीक दोरी झटक्यात तुटली तर सुटलेलं शिसं जीव घेईल. म्हणून समोर गुराखी दिसला की मी थांबतोच. दिवाळीनंतर गुहागरला जाणार. फुटणाऱ्या लाटांपलीकडच्या खोलगट पट्ट्यात मासा चरतो, तिथवर पोचायचंय मला.