चिक्कू

शिव्यांतही काही शिव्या अशा असतात, की त्या फराळाच्या ताटात वाढल्या तरी कुणी हरकत घेऊ नये. ‘चिक्कू’ ही त्यांतलीच एक. ऐकताच फळाची आठवण व्हावी आणि भाच्याने मावशीला तोंडावर म्हणावे, इतकी ती निरुपद्रवी. पण तिची भावंडे पाहा: चिकट, चिंगूस, कद्रू, कवडीचुंबक! एकेक पायरी उतरत जावे तसा गोडवा सरतो आणि डंख जाणवू लागतो.

त्यांत ‘कवडीचुंबक’ हा माझा लाडका शब्द. लोहचुंबकाला लोखंड चिकटावे, तशी याला कवडी. गंमत अशी, की बाजारात कवडी चालेनाशी होऊन कितीतरी पिढ्या लोटल्या. १९५७ साली नवे पैसे आले आणि आणेवारी गेली. २०११ साली पावली आणि तिच्याखालची सारी नाणी बाद झाली. पण कवडी, दमडी, अडका आपण म्हणींत आणि शिव्यांत अजून जपून ठेवले आहेत. आपली भाषाच मोठी कवडीचुंबक म्हणाना! एकदा हाती आलेले नाणे सोडायला ती तयार नाही.

आमच्या घरी हा किताब वडिलांकडे होता. दिवाळीत लवंगी फटाक्यांची एकच माळ यायची. ती ते पेटवू देत नसत. माळ सोडवून एकेक लवंगी सुटी करायची आणि आम्हा चौघा भावंडांत मोजून वाटायची. शेजारची माळ बघता बघता तडतडून संपे. आमच्या लवंग्या भाऊबीजेपर्यंत पुरत. आलेले पाहुणे आम्हांला ऐकू येईल अशा बेताने म्हणत, “चिंगूस माणूस!” वडील नुसते हसत. चौघांच्या शाळेची फी त्या एका पगारात बसायची होती, हे पाहुण्यांना कुठून ठाऊक असणार? हा शब्द वापरणाऱ्याला दुसऱ्याची मूठ तेवढी दिसते. मुठीत किती आहे ते दिसत नाही.

मग खरा कंजूष कोणता? मोलिएरने तो १६६८ साली रंगभूमीवर आणला. त्याच नाटकावरून आचार्य अत्र्यांनी आपले ‘कवडीचुंबक’ रचले. मोलिएरचा कंजूष पैशांची पेटी बागेत पुरतो आणि ती चोरीला जाताच वेडापिसा होऊन, चोर सापडला म्हणून स्वतःचाच हात पकडतो! आपण पोट धरून हसतो. पण विश्वास टाकावा असे जगात त्याला कुणीच उरलेले नाही, स्वतःचा हातसुद्धा नाही! संस्कृतातल्या ‘कृपण’ शब्दाचा जुना अर्थ दीन, कीव करण्याजोगा, असाच आहे. शब्द घडवणाऱ्याला माणूस नीट कळला होता.

तेव्हा या दिवाळीत कुणाला चिक्कू म्हणण्यासाठी जीभ सळसळली, तर एवढेच पाहावे: तो मोजतो आहे ते सर्वांना पुरावे म्हणून, की एकट्याजवळ उरावे म्हणून? पहिला असेल, तर शब्द गिळावा. दुसरा असेल, तर त्याला फराळाला बोलवावे. येईल तो, फुकटचे कोण सोडतो? पण निदान एक संध्याकाळ तरी त्याला आपली पेटी राखत एकटे बसावे लागणार नाही.