पंचाची नजर

फ्रीगंजमध्ये टॉवर चौकातून सायंकाळी घरी परतताना एखादे प्रशिक्षक समोरून येताना दिसले, की माझी चाल आजही किंचित मंदावते. मल्लखांबाचा पंच म्हणून या गावी अनेक वर्षे काढली, त्याची ही मिळकतच म्हणायची! उज्जैनला या खेळाचे वेड जुने. पहिली अखिल भारतीय मल्लखांब स्पर्धा १९८१ साली येथेच झाली. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. आणि येथील योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. अशा जाणकारांच्या गावात पंचाची खुर्ची मऊ कशी असावी?

प्रशिक्षकांचे बोल ऐकण्याची सवय होऊन जाते. ‘आमचा मुलगा आपल्याला दिसतच नाही,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले होते, की त्याचा अर्थ मनापर्यंत पोहोचतच नसे. एका निवडस्पर्धेत मात्र ते शब्दशः खरे ठरले.

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा. संच जेमतेम दीड मिनिटाचा. आरंभीच्या एका तेढीत त्याचा पाय वाकला, म्हणून ती वजावट लिहिण्यासाठी मी मान खाली घातली. वर पाहिले तेव्हा तो तोलातून सुटत होता. तोल स्थिर धरलाच नाही, असे समजून मी गुण कापले.

“पंचसाहेब, पोराने तोल धरला होता. आपण कागदात होता,” वस्ताद सर्वांदेखत म्हणाले.

हरकत मुख्य पंचांकडे नोंदवावी, असे मी शांतपणे सांगितले. शांत राहणे हे आमच्या शिक्षणातच येते; त्या दिवशी तो माझा आडोसा झाला. मुलाची निवड थोडक्यात हुकली.

रात्री सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, ते खोटे बोलत होते का?”

“नाही.”

“मग?”

सकाळी पूल ओलांडून जुन्या शहरातील त्यांच्या आखाड्यात गेलो. वस्ताद खांबाला एरंडेल चोळीत होते. “काल माझी नजर कागदावर होती,” मी म्हणालो. त्यांचा हात थांबला नाही. “हे काल बोलला असता, तर...” एवढेच म्हणून त्यांनी त्या मुलाला हाक मारली. “साहेबांना तोल दाखव.”

त्याने दाखवला. निर्दोष होता.

मुख्य पंचांना मी पत्र लिहिले. निकाल अर्थातच बदलला नाही. तेव्हापासून कागदाकडे न पाहताच खुणा करतो. अक्षर वेडेवाकडे उमटते, आणि त्यावरून आता मुख्य पंच बोलतात.