वय वर्षं 38, पत्ता : हायवे

सोमवारी सकाळी मेलबॉक्स उघडताना 'यार, बस झालं, आता रिटायर व्हायचं आणि नुसतं फिरायचं' असं एकदाही मनात आलं नाही, असा माणूस हिंजवडीपासून अंधेरीपर्यंत शोधून सापडायचा नाही. आपण हे वाक्य मनात म्हणतो, कॉफी घेतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. पण हे वाक्य खरोखर जगणारी माणसंही असतात. अमेरिकेत त्यांची एक अख्खी जमात आहे. गंमत म्हणजे ती शेअर मार्केटमध्ये लॉटरी लागलेल्यांची नाही, लष्करातून बाहेर पडलेल्यांची आहे.

हिशोब सोपा आहे. अठराव्या वर्षी भरती, 20 वर्षं पूर्णवेळ नोकरी आणि अडतिसाव्या वर्षी पेन्शन चालू. लगेच, पुढच्या महिन्यापासून. मग यातले काही जण घर विकतात, सोफा-कपाटं वाटून टाकतात, चाकांवरचं घर घेतात आणि निघतात. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर नव्हे, कायमचे. तिकडे त्यांना 'फुल टायमर' म्हणतात.

ऐकायला सॉलिड कूल वाटतं ना? पण 'वाटलं आणि निघालो' असा हा प्रकार मुळीच नाही. त्यामागे दोन-दोन वर्षांची तयारी असते, आणि त्या तयारीत एक कागद असा असतो की तो चुकला तर नवरा-बायकोपैकी मागे राहणाऱ्याचं सगळं आयुष्य अडचणीत येऊ शकतं. त्या कागदाकडे येऊच. आधी जरा फिरून येऊ.

वाळवंटातलं हिवाळी गाव

अ‍ॅरिझोना राज्यात फीनिक्स शहराहून आय-10 हायवेनं पश्चिमेला साधारण 200 किलोमीटर गेलं की क्वार्ट्‌झसाइट नावाचं गाव लागतं. उन्हाळ्यात इथे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कायमची वस्ती जेमतेम काही हजार. पण दिवाळीच्या आसपास हवा गार व्हायला लागते आणि उत्तरेतून गाड्या यायला सुरुवात होते. बसएवढी लांब मोटारहोम्स, पिकअप ट्रकमागे जोडलेले ट्रेलर, साध्या व्हॅन. जानेवारीत इथे आरव्हींचं मोठं प्रदर्शन भरतं आणि दगड-रत्नांचे बाजार लागतात, तेव्हा गावाच्या कितीतरी पट माणसं आजूबाजूच्या वाळवंटात पसरलेली असतात. ना भिंत, ना कुंपण. गाडी लावायची, खुर्च्या बाहेर काढायच्या, समोर निवडुंग आणि डोंगर. रात्री असं आकाश दिसतं की मुंबईकरानं पाहत बसावं.

बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याची आहे. अशा मोकळ्या सरकारी जमिनीवर साधारणपणे 28 दिवसांत 14 दिवस फुकट राहता येतं, मग हलावं लागतं. ज्यांना अख्खा हिवाळा एकाच जागी काढायचाय त्यांच्यासाठी गावाच्या दक्षिणेला पैसे भरून राहायची जागा आहे, 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल.

या गावात एक थडगं आहे आणि त्याची गोष्ट भन्नाट आहे. 1856 मध्ये अमेरिकन लष्करानं वाळवंटात सामान वाहण्यासाठी चक्क उंट मागवले. त्यांच्यासोबत आलेल्या उंटवाल्यांपैकी एकाचं नाव हाजी अली. अमेरिकन सैनिकांच्या तोंडी त्याचं 'हाय जॉली' झालं! पुढे यादवी युद्ध आलं, उंटांचा प्रयोग गुंडाळला गेला, पण हा बाबा त्याच वाळवंटात राहिला आणि 1902 मध्ये इथेच वारला. 1935 मध्ये त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड बांधला गेला, टोकावर धातूचा उंट. लष्करी काम संपलं आणि माणूस वाळवंटातच रमला, याचं गावातलं सगळ्यात जुनं उदाहरण हेच असावं.

अर्धा पगार म्हणजे अर्धा पगार नाही

आता पैशांचं बोलू. अमेरिकन लष्कराच्या जुन्या पद्धतीत दर वर्षाच्या नोकरीला अडीच टक्के धरतात. 20 वर्षांना 50 टक्के. हे 50 टक्के कशाचे? तर सर्वाधिक मूळ पगाराच्या 36 महिन्यांच्या सरासरीचे. 19 वर्षांनी सोडलं तर ही पेन्शन शून्य, त्यामुळे शेवटची दोन-तीन वर्षं माणूस दात-ओठ खाऊन काढतो.

मेख 'मूळ पगार' या शब्दात आहे. नोकरीत असताना हातात येणाऱ्या रकमेत घरभाडं आणि जेवणाचा भत्ता असतो, आणि हे भत्ते करमुक्त असतात. पेन्शनच्या हिशोबात ते येतच नाहीत. म्हणजे मूळ पगाराची सरासरी 5,000 डॉलर असेल तर पेन्शन 2,500. पण घरी येणारा एकूण पैसा अर्ध्याहून बराच खाली आलेला असतो, वर पेन्शनवर केंद्राचा इन्कम टॅक्स. महागाईप्रमाणे पेन्शन वाढते, हा मोठा दिलासा.

1 जानेवारी 2018 पासून भरती झालेल्यांना नवी पद्धत आहे. अडीचऐवजी दोन टक्के, म्हणजे 20 वर्षांना 40 टक्के. त्याऐवजी सरकार त्यांच्या बचत खात्यात मूळ पगाराच्या पाच टक्क्यांपर्यंत भर घालतं, पण पूर्ण पाच टक्के मिळवायचे तर स्वतःचेही पाच टक्के टाकावे लागतात. या मंडळींची पहिली बॅच 20 वर्षं पूर्ण करेल 2038 मध्ये. त्यांनी विशीत बचत केली की नाही, हे तेव्हा कळेल. आपल्या पीएफचा विषय निघाल्यावर जांभई देणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

दोन वर्षं आधीपासून

लष्करातून बाहेर पडणाऱ्यांसाठी सरकारचा एक सक्तीचा कार्यक्रम असतो. निदान 365 दिवस आधी त्यात नाव घालावं लागतं, आणि निवृत्त होणाऱ्यांना दोन वर्षं आधीच सुरू करा असं सांगतात. बजेट, नोकरी, आरोग्य विमा, सगळं त्यात येतं.

मग तब्येतीची फाइल. 20 वर्षं पाठीवर वजन घेऊन धावलेल्या माणसाचे गुडघे, पाठ, कान काही ना काही बोलत असतात. नोकरीमुळे झालेल्या दुखण्याचा भत्ता वेगळा मिळतो आणि तो करमुक्त असतो. त्याचा अर्ज निवृत्तीच्या 180 ते 90 दिवस आधी केला तर निकाल लवकर लागतो. म्हणून शहाणी माणसं 'काही होत नाही मला' हा मर्दानी बाणा सोडून डॉक्टरकडे जातात आणि प्रत्येक दुखणं कागदावर आणतात. रस्त्यावर फिरताना जुने कागद शोधत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

पुढचा प्रश्न ऐकून हसू येईल. घरच नाही तर पत्ता काय लिहायचा? लायसन्स, विमा, बँक, सगळ्यांना पत्ता हवाच. त्यावर फुल टायमरांचं ठरलेलं उत्तर आहे : साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा. तिन्ही राज्यांत राज्याचा इन्कम टॅक्स नाही. साउथ डकोटात रॅपिड सिटीजवळच्या बॉक्स एल्डरसारख्या गावांत टपाल सांभाळणाऱ्या कंपन्याच आहेत. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन गावात 1978 मध्ये स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या आरव्हीवाल्यांच्या क्लबची टपाल सेवा आहे. तुमची पत्रं तिथे येतात आणि तुम्ही असाल तिथे पाठवली जातात. मात्र नियम बदलत असतात. मतदार नोंदणीसाठी साउथ डकोटानं 2023 मध्ये 30 दिवसांच्या वास्तव्याची अट आणली.

तो एक कागद

आपल्याकडे जवान किंवा सरकारी नोकर गेला की पत्नीला फॅमिली पेन्शन मिळते. अमेरिकन लष्करात पेन्शन माणसाबरोबर संपते. जोडीदाराला पुढे काही हवं असेल तर निवृत्तीच्या वेळी त्यासाठी वेगळी योजना घ्यावी लागते. पूर्ण रकमेसाठी पेन्शनचे साडेसहा टक्के कापले जातात, आणि पेन्शनर गेल्यावर जोडीदाराला 55 टक्के मिळतात. आपल्या 2,500 डॉलरच्या उदाहरणात दरमहा 162.50 डॉलर जातात आणि वेळ आली तर जोडीदाराला 1,375 डॉलर मिळतात.

'आत्ता अडतीस वर्षांचा तर आहे, कशाला दर महिन्याला एवढे घालवायचे? तेवढ्यात डिझेल येईल' असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण घर असलेल्या बाईकडे निदान घर उरतं. फुल टायमरच्या बायकोकडे उरते एक मोठी गाडी, जिची किंमत दर वर्षी उतरत असते आणि जी तिला कदाचित एकटीनं चालवताही येत नसते. पंधरा-वीस वर्षं नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरताना तिचं स्वतःचं करिअर दर वेळी तुटलेलं, म्हणजे तिची स्वतःची पेन्शनही यथातथाच. म्हणूनच कायदा सांगतो की पूर्ण संरक्षण नाकारायचं असेल तर जोडीदाराची लेखी संमती, तीही नोटरीसमोर. हा निर्णय नंतर सहजासहजी फिरवता येत नाही. गाडी कुठली घ्यायची यावर जोडपी महिनोन् महिने वाद घालतात. खरं तर आधी बोलायला हवं ते या कागदावर. बाई लष्करात आणि नवरा घरी असला तरी गणित तेच.

टाकी, वजन आणि भांडण

गाडी घेण्याआधी जाणकार एकच सांगतात : आधी भाड्यानं घेऊन महिनाभर राहून बघा. आरव्हीत तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, एक सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची आणि तिसरी... कळलं असेलच. तिसरी ठरावीक जागी जाऊन स्वतःच्या हातानं रिकामी करावी लागते. इन्स्टाग्रामवर हा फोटो कुणी टाकत नाही. गाडी किती वजन घेऊ शकते याला मर्यादा असते, त्यामुळे पुस्तकांची पेटी की हत्यारांची, असे प्रश्न येतात. आणि तीसेक चौरस मीटरमध्ये चोवीस तास दोघं! मिशनवर सहा-सहा महिने दूर राहायची सवय झालेल्या जोडप्याला एकमेकांसोबत सलग राहणं हेच नवीन असतं.

विमानंही निवृत्त होतात

लष्करी पेन्शनरांना काही सवलती मात्र जाम भारी मिळतात. लष्करी तळांवर त्यांच्यासाठी स्वस्त आरव्ही कॅम्प असतात. फ्लोरिडात की वेस्टला नौदलाच्या जागेत अगदी पाण्यालगत, अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफला 2,100 मीटर उंचीवर पाइनच्या जंगलात. उन्हाळा फ्लॅगस्टाफला, हिवाळा क्वार्ट्‌झसाइट किंवा युमाला, असं एकाच राज्यात वर्ष काढता येतं. नोव्हेंबर 2022 पासून माजी सैनिकांना नॅशनल पार्कचा आजीवन पास फुकट आहे. लष्करी विमानात जागा उरली तर फुकट परदेशवारीही होते. फक्त पेन्शनरांचा नंबर सगळ्यात शेवटचा, सहाव्या वर्गात, आणि परतीची हमी नाही. घाई असलेल्या माणसाचं ते काम नव्हे.

या कॅम्पांतला सगळ्यात वेगळा टूसॉनच्या डेव्हिस-मोंथन हवाई तळावर आहे. याच तळावर निवृत्त विमानांचं प्रचंड आवार आहे. हवा कोरडी म्हणून गंज कमी, जमीन इतकी टणक की फरसबंदीशिवाय विमानं उभी राहतात. तिथे विमानांच्या रांगाच रांगा आहेत. काहींचे सुटे भाग काढले जातात, काही दुरुस्त होऊन पुन्हा उडतात. ज्यांनी कधीकाळी या विमानांचे नट-बोल्ट आवळले, त्यातलेच कुणी बाजूच्या कॅम्पमध्ये आपल्या ट्रेलरचे नट-बोल्ट आवळत बसलेले असू शकतात.

दोन शेजारी, दोन गोष्टी

जेसिका ब्रूडरचं 2017 चं 'नोमॅडलँड' हे पुस्तक आणि त्यावरचा 2021 मध्ये ऑस्कर मिळवणारा सिनेमा आठवतोय? त्यात क्वार्ट्‌झसाइट आहे. पण त्यातली माणसं घर परवडेना म्हणून व्हॅनमध्ये आलेली, गोदामात हंगामी काम करणारी. त्याच वाळवंटात, शंभर पावलांवर, पेन्शन आणि लष्करी आरोग्य विमा असलेला सार्जंट खुर्ची टाकून बसलेला असतो. सूर्यास्त दोघांना सारखाच दिसतो. फरक पडतो दात दुखल्यावर किंवा इंजिन बसल्यावर.

पेन्शनरालाही सगळं सोपं नसतं. वीस वर्षं कुठे जायचं, काय घालायचं, कुणाला सलाम करायचा हे ठरलेलं. एका सकाळी ते सगळं थांबतं. काही जण प्रवासात मोकळे होतात, काही जणांना सहा महिन्यांत काम आणि माणसं हवीशी होतात. म्हणून तयारीतलं शेवटचं कलम असतं थांबायचा प्लॅन : गाडी विकून पुन्हा घर भाड्यानं घेता येईल एवढे पैसे बाजूला, आणि दर वर्षी दोघांनी बसून एकच प्रश्न विचारायचा, 'अजून मजा येतेय का?'

आपल्याला विसाव्या वर्षी पेन्शन देणारं कुणी नाही, हे खरं. पण त्यांचं बाकीचं सगळं उचलण्यासारखं आहे. तारीख आधी ठरवणं, तब्येतीचे कागद वेळेत करणं, खर्च खऱ्या आकड्यांत मांडणं आणि 'मी नसलो तर तुझं काय' हा प्रश्न घरात मोठ्यानं विचारणं. यातल्या एकाही गोष्टीसाठी युनिफॉर्म लागत नाही.

आणि नुसतं बघायलाच जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा. लष्करी कॅम्प बाहेरच्यांना बंद असतात, पण टूसॉनचं पिमा विमान संग्रहालय सगळ्यांना खुलं आहे आणि क्वार्ट्‌झसाइटचा बाजारही. तिथे खुर्ची टाकून बसलेल्या एखाद्याला 'कुठून आलात?' एवढंच विचारा. संध्याकाळ कशी जाईल कळणार नाही.