इंचभर हालचाल आणि थरथरणारी मांडी

टाचा एकमेकींना चिकटवायच्या, गुडघे बाहेरच्या दिशेला वळवायचे, चवड्यांवर उभं राहायचं आणि पाठ सरळ ठेवून थोडंसं खाली जायचं. आता तिथंच थांबून इंचभर खाली, इंचभर वर. बस्स, एवढंच! हातात वजन नाही, उड्या नाहीत, धावणं नाही, आधाराला फक्त स्वयंपाकघरातला ओटा. आणि मिनिटभरात दोन्ही मांड्या लटालटा कापायला लागतात! 'बार' हा व्यायाम मला नुकताच सापडला आहे आणि मी भेटेल त्याला तो करून दाखवत सुटले आहे. लिफ्टची वाट बघताना टाचा उचलते, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक पाय मागे उचलून धरते. इतकी छोटी हालचाल इतकी जबरदस्त असू शकते, हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?

मूळ कल्पना बॅलेची. नर्तक ज्या आडव्या दांड्याला धरून सराव करतात, तोच हा बार. पण त्यातून सर्वसामान्यांसाठी व्यायाम घडवला तो लोटे बर्क या नर्तकीनं. जर्मनीतल्या कलोन शहरात 1913 साली जन्मलेली ही ज्यू मुलगी, नाझी राजवटीत देश सोडून लंडनला आली. पाठीच्या दुखापतीनंतर करायचे व्यायाम आणि नृत्याची शिस्त यांची तिनं सांगड घातली आणि 1959 मध्ये लंडनच्या मँचेस्टर स्ट्रीटवरच्या एका तळघरात स्टुडिओ उघडला. तेव्हा तिचं वय होतं 46! लिडिया बाख या तिच्या शिष्येनं हीच पद्धत 1970 च्या दशकात न्यूयॉर्कला नेली. तिथून या पद्धतीच्या शाखा फुटत गेल्या आणि आज मुंबईतही बारचे स्टुडिओ आहेत. भरतनाट्यम शिकलेल्या मुलींना यातला 'प्लिए', म्हणजे गुडघे वाकवून खाली जाणं, बघताच आपली अरैमंडी आठवेल. गुडघे तसेच बाहेर वळलेले, पाठ तशीच ताठ.

मी हे सगळं धाकट्या बहिणीला एका दमात सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, स्टुडिओत समोर शिकवणारी असते. घरी मोबाईलवर व्हिडिओ लावून एकटीनं करताना ते पुरेसं कठीण होतंय की नुसतेच पाय हलताहेत, हे कळणार कसं?"

काय नेमका प्रश्न आहे! त्याचा पिच्छा पुरवताना मला जे सापडलं, त्यानं तर या व्यायामाच्या प्रेमातच पाडलं.

आधी त्या थरथरीचं कोडं. आपला स्नायू एकदम सगळ्या ताकदीनिशी कामाला लागत नाही. चेतातंतू आणि त्याच्या ताब्यातले स्नायूतंतू यांच्या छोट्या-मोठ्या तुकड्या असतात. आधी छोट्या, चिवट तुकड्या पुढे होतात आणि त्या थकल्या, की मोठ्या तुकड्यांना हाक जाते. आधी छोट्या, मग मोठ्या हा क्रम एलवुड हेनेमन या शास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात दाखवून दिला. अर्ध्या खाली गेलेल्या स्थितीत स्नायू सतत आवळलेला असतो, त्यामुळे त्यातला रक्तप्रवाहही कमी होतो आणि थकवा झपाट्यानं चढतो. मग या तुकड्यांचं काम एकसंध राहत नाही, हिसक्याहिसक्यानं होतं आणि पाय कापू लागतो. म्हणजे ती थरथर हा आतून आलेला निरोप आहे: राखीव कुमक बाहेर पडली!

पण नुसत्या थरथरीवर विसंबून चालत नाही. नवशिक्याची मांडी नवख्या स्थितीत लगेच कापते, उपाशीपोटी किंवा झोप नीट झालेली नसतानाही कापते. घामाचंही तेच. मे महिन्यात ठाण्यात नुसतं उभं राहिलं तरी घामाच्या धारा लागतात आणि डिसेंबरात पुण्यात मनापासून मेहनत करूनही अंग कोरडं राहतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय दुखले तर स्नायूला नवीन काही तरी करावं लागलं, एवढंच कळतं. सवय झाली की दुखणं कमी होतं, फायदा मात्र चालूच राहतो.

मग खरी कसोटी कुठली? सेट संपताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: याच ठेवणीत, असंच नीट, मला अजून किती वेळा जमलं असतं? उत्तर 'दहा-पंधरा सहज' असेल तर सेट सोपा होता. उत्तर 'दोन, फार तर तीन' असेल तर अगदी बरोबर! यामागे भक्कम आधार आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांनी 10 आठवडे पायाचा व्यायाम केला. एका पद्धतीत त्यांच्या कमाल ताकदीच्या 80 टक्के वजन होतं, दुसऱ्या पद्धतीत अवघं 30 टक्के, पण ते पाय पुरता थकेपर्यंत उचलायचं. मांडीचा स्नायू दोन्हीकडे जवळपास सारखाच वाढला! जड वजन उचलण्याची ताकद जड वजनानंच जास्त वाढली, हेही खरं. पण हलका भार थकव्याच्या उंबरठ्यापर्यंत नेला तर स्नायू त्याची दखल घेतोच. घरच्या बारची सगळी किल्ली याच उंबरठ्यात आहे.

त्या प्रश्नातलं 'असंच नीट' मात्र विसरायचं नाही. कंबर पुढे झुकली, टाचा खाली आल्या, खांदे कानाला भिडले किंवा ओट्यावर शरीराचा भार पडला, की स्नायूचं काम दुसऱ्यानंच वाटून घेतलं म्हणून समजा. मोबाईल बाजूला उभा करून एक सेट रेकॉर्ड करा, लगेच दिसतं. आकडे मोठ्यानं मोजा, म्हणजे श्वास कोंडला जाणार नाही. स्नायूतली जळजळ चालेल, पण सांध्यात कळ आली तर तिथंच थांबायचं. गुडघ्याचं दुखणं किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि सोपं वाटायला लागलं तर? इथं मी अक्षरशः टाळ्या पिटल्या, कारण कठीण करायला काहीही विकत आणावं लागत नाही! ओटा मुठीत धरण्याऐवजी दोन बोटं टेकवा. मग तीही सोडा. आणखी दोन इंच खाली जा. खाली जायला चार आकडे, वर यायला चार आकडे घ्या. शेवटी तळाला वीस आकडे थांबा. मांड्यांमध्ये उशी दाबून धरा, सगळा भार एकाच पायावर घ्या, हातात एकेक लिटरच्या भरलेल्या बाटल्या घ्या. यातली एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. व्हिडिओतली बाई तीस वेळा करते म्हणून आपणही तीसच करायचं, असं काही नाही. तिचे पाय तिचे, आपले आपले.

बारकडून सगळंच मागू नये, हेही त्याच्यावरच्या प्रेमापोटीच सांगते. मांडी पेटलेली असतानाही तुम्ही आरामात गप्पा मारू शकत असाल, तर हृदय-फुप्फुसांना फारसं काम पडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगते. त्या दोन दिवसांची पायांपुरती सोय ओट्यापाशी होते. मध्यम व्यायामाच्या मिनिटांसाठी मात्र गाणं म्हणता येणार नाही पण बोलता येईल, इतक्या वेगानं चालायला बाहेर पडायचं.

बहिणीला मी एक छोटी वही करायला सांगितली आहे. रोज तीनच नोंदी: कुठली स्थिती, किती वेळा, आणि अजून किती जमलं असतं. तिसरा आकडा वाढू लागला की व्यायाम कठीण करायची वेळ झाली, आणि तो निर्णय आपला आपण घ्यायचा. कुणी शाबासकी द्यायला नको, कुणी ओरडायला नको. आपल्या ताकदीचं माप आपल्याच हातात येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! तुम्हीही आजच करून बघा. ओटा पुसून घ्या, पाय घसरणार नाहीत अशी जागा बघा, आणि थरथर सुरू झाली की लगेच सोडू नका. नीट जमतंय तोवर आणखी दोनदा करा.